मुखलिसला कोणी काही विचारणार नव्हतं

कालिगेतास गावात मेलेल्या माणसाला शेवटची शिकवणी तर्मुजी द्यायचा. गावाचा मोदिन तो. मयताची आंघोळ, कफन, नमाज, खड्ड्यात उतरवणं, सगळं त्याच्याकडे. पण खरं काम माती लोटल्यावरचं. कबरीच्या डोक्याशी चटईवर बसून तो मेलेल्याला हाक मारायचा, तीही बापाच्या नावाने नाही, आईच्या. "अमक्या, अमकीच्या लेका, आता दोन फरिश्ते येतील. घाबरू नकोस. तुझा मालक कोण विचारतील, अल्ला म्हण." मग पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. बेचाळीस वर्षांत चारशेच्या वर माणसं त्याने अशी परीक्षेला बसवली, आणि निकाल एकाचाही कळला नाही. गुडघे गेले, आवाज बसला. तंबाखूच्या कापणीत सगळ्या गावाला श्वास घ्यायला सवड नसायची, आणि लोक मरायचे ते नेमके तेव्हाच.

घरी मुलगा होता, मुखलिस. चौतीस वर्षांचा, आणि चौतीस वर्षं अंथरुणावर. बोलणं नाही, समज नाही, मान धरता येत नाही. त्याला पुसून काढायचं, कूस बदलायची, पातळ भात भरवायचा, त्यातला अर्धा बाहेर यायचा. तर्मुजी बाहेर मेलेल्याला आंघोळ घालायचा आणि घरी येऊन जित्याला. "मयत परवडलं रे, त्याला एकदाच घालावी लागते," असं तो एकदा कबरी खणणाऱ्या जुमेरीजवळ बोलून गेला, आणि मग दोन दिवस स्वतःच्याच तोंडावर चिडून राहिला.

जुमेरी त्याच्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. एकदा कबर खणून झाल्यावर चहा पिता पिता विषय निघाला की अल्लाने माणूस केला तरी कशाला? मदरशातला तरुण मास्तर फथोनी म्हणाला, "त्यात विचारायचं काय? इबादतीसाठी. लिहिलेलंच आहे."

"मास्तर, माझा जन्म खड्ड्यात गेला," जुमेरी म्हणाला. "मला विचाराल तर मातीला भूक लागते म्हणून."

"तोबा करा, काका."

"करतो की. चहा तरी संपू दे."

तर्मुजीचे गुरू वेगळंच सांगायचे. अल्ला एकटाच होता, आपल्याला कुणीतरी ओळखावं असं त्याला वाटलं, म्हणून माणूस. आणि शेजारीपाजारी मुखलिसकडे बघून मान हलवायचे, "तुमची परीक्षा घेतोय हो तो."

तर्मुजी यातलं एकेक मुखलिसला लावून बघायचा. इबादत म्हणावी तर पोराला अल्लाचं नावही घेता येत नव्हतं. ओळखणं म्हणावं तर आईबापाच्या हातांपलीकडे तो काही ओळखत नव्हता. राहिली परीक्षा. ती त्याची बायको सुलिकाह तंबाखूची पानं चिरता चिरता निकालात काढायची. "आमची परीक्षा घ्यायला एक अख्खं माणूस खर्ची घातलं होय? त्याच्याकडे पाटी-खडू नव्हता?" तर्मुजी म्हणायचा, "असं बोलू नये."

गेल्या रमजानात त्याने एक दुआ मागितली. याला आमच्या आधी ने. आम्ही गेल्यावर याची कूस कोण बदलणार, हे कारण खरंच होतं. पण ते अर्धं. उरलेलं अर्धं हे, की तो थकला होता. पोटच्या पोराला कंटाळला होता. हे त्याने शब्दांत मागितलं नाही, पण ज्याच्याकडे मागितलं त्याला काय न कळणार? तेव्हापासून मुखलिस नुसता खोकला तरी तर्मुजी उठून त्याचा श्वास बघायचा.

भर कापणीत, एका बुधवारी सकाळी मुखलिस गेला. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

आंघोळ तर्मुजीनेच घातली. हात सवयीने चालत होते, तेवढेच काय ते चालत होते. माती लोटून झाली आणि त्याने चटई पसरली, तसा फथोनी हळूच पुढे आला.

"मोदिनबाबा, याला गरज नाही. लहान लेकरू आणि असा अजाण जीव, यांना हिशेब नसतो. त्याला कोणी काही विचारणार नाही."

हे तर्मुजीला फथोनीच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. कितीतरी तान्ही मुलं त्याने अशी न शिकवताच पुरली होती.

"माहीत आहे रे."

"मग?"

"चारशे लोकांशी बोललो. पोराशी न बोलताच उठू?"

"बसू द्या हो, मास्तर," जुमेरी म्हणाला.

तर्मुजीने डोळे मिटले आणि त्या घोगऱ्या आवाजात हाक मारली, "तर्मुजी, रुकायाहच्या लेका."

लोक चपापले. रुकायाह त्याची स्वतःची आई. जित्या माणसाला कबरीवर अशी हाक? मागे कुजबुज सुरू झाली. जुमेरीने वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, स्वतःचं नाव घेतलंस. मुखलिस म्हण. सुलिकाहच्या लेका म्हण."

तर्मुजीने डोळे उघडले. चूक सुधारायला एक क्षण पुरला असता.

"राहू दे," तो म्हणाला. "याला कोणी विचारणार नाही, मास्तर सांगतोय ना? विचारणार ते मलाच."

आणि त्याने सगळे प्रश्न, सगळी उत्तरं, स्वतःच्या नावाने म्हटली. "घाबरू नकोस" या शब्दांवर मात्र अडला. चारशे जणांना बिनदिक्कत सांगितलेली गोष्ट, पण आज ऐकणारा घाबरलेला होता.

गावात बायका कबरस्तानात जात नाहीत, पण बातमी जाते. तो घरी पोचला तेव्हा सुलिकाह ओसरीवर बसली होती.

"स्वतःचंच नाव घेतलंत म्हणे."

तो तिच्याशेजारी टेकला.

"सुलिकाह, आता तिकडे त्याला वाचा फुटली असेल. सगळं कळत असेल. मी काय मागितलं, तेही."

"काय मागितलंत?"

"याला आधी ने म्हणून. रमजानात."

ती रडेल, निदान उठून आत जाईल, असं त्याला वाटलं होतं. ती अंगणात वाळत घातलेल्या तंबाखूकडे बघत राहिली.

"एकदाच?" तिने विचारलं.

"एकदाच."

"मी तो सात वर्षांचा होता तेव्हापासून मागतेय. रोज. पाचही नमाजांना."

सत्तावीस वर्षं ती तर्मुजीच्या मागच्या चटईवर हात पसरून बसली होती, आणि त्याने एकदाही विचारलं नव्हतं की काय मागतेस.

"मला बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही त्याला एवढे जपायचात," सुलिकाह म्हणाली. "म्हटलं, ऐकून तुमचा जीव तुटेल."