सासूबाईंची अमेरिका

लग्नानंतर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी नापास झाले, आणि तेही एकाच विषयात: अमेरिकेचा इतिहास. सासरे मिलमध्ये कामाला. मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले, "पुस्तकं बांधून ठेवा आता." सासूबाई मध्ये पडल्या. "अजून एक डाव बसू द्या तिले. जिम्मेदारी माही." पुन्हा नापास झाले असते तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं आणि त्यांचा शब्दही पडला असता.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण जिम्मेदारी घेतली म्हणजे घेतली! दुपारी त्या इतवारीच्या बाजारातून आणलेली तूर पाखडायच्या आणि मी मोठ्यानं वाचायचं. चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या म्हटल्यावर त्यांचा जीव कळवळला.

"काहून वं? चांगला चहा काहून फेकला?"

मग कर समजावा, इंग्रजांचा राजा समजावा. दर चार ओळींना त्यांचं 'काहून' तयार. मी सनावळ्या घोकणारी बाई, आधी फार वैतागले. पण सांगता सांगता मलाच अमेरिका कळायला लागली.

पुस्तकात पुढे यादवी युद्ध आलं. आमचा दूधवाला आडनावाचा यादव, उत्तरेकडचा. सकाळी सासूबाईंनी त्याला दारातच धरलं. "काहून गा, तुमचे लोक अमेरिकेत काहून भांडून राहिले?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "अम्माजी, हमारे गाँव से तो कोई गया ही नहीं." मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते. यादवी म्हणजे आपसातली भांडणं, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग तसं लिहाव ना!"

गुलामांचं प्रकरण सुरू झाल्यापासून मात्र त्यांना दम निघेना. रोज बसल्या बसल्या विचारायच्या, "सुटले का वं ते?" ज्या दिवशी सुटले, त्या दिवशी त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मंग दुसऱ्या दिवशी कुठं गेले?"

पुस्तकात ते नव्हतं. मग त्याच बोलल्या. "कुठं जातीन? आमी छप्पनले दीक्षा घेऊन आलो, तवा याच खोलीत आलो. तेच भांडे, तेच काम. पन त्या दिवशी झोप अशी लागली वं, बाप्पा!"

मला रडू आलं. त्यांना नाही. "रडतं काय? वाच पुढं. पेपर तुहा आहे," म्हणाल्या. माझी आई दूर गावी होती, पण त्या दुपारी मला तिची आठवण आली नाही. इतका जीव लावला होता या बाईनं.

परीक्षेत यादवी युद्धाची कारणं विचारली होती. मी पुरवणीवर पुरवणी घेत गेले.

निकाल वर्तमानपत्रात आला. सासरे बोट सरकवत माझा नंबर शोधत होते, सासूबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, जणू आकडे वाचताच येत होते. सासऱ्यांचं बोट थांबलं. "पास," ते म्हणाले, आणि पेढे आणायला चपला घालू लागले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"एम.ए.ले कोनता देश असते वं?"