गंधाची वाटी आणि रिव्हर्स गिअर

आमची गाडी दोघांची आहे, असं आपलं म्हणायचं. किल्ली ह्यांच्या खिशात असते. मी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले ती फक्त अक्कासाठी. आम्ही बनशंकरीला, माझी ही थोरली बहीण त्याच शहरात पण पार लांब, राजाजीनगरला. तिचे गुडघे गेले आणि तिचं आमच्याकडे येणं थांबलं, तेव्हापासून दर गुरुवारी मी तिच्याकडे जाते. ती सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसलेली असते. हे म्हणतात, "मी सोडतो ना तुला." नको रे बाबा! हे बरोबर आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत "निघायचं का?" सुरू होतं, आणि आम्हा बहिणींचं तोवर एका जावेचंसुद्धा बोलून झालेलं नसतं.

एकदा गाडी रिव्हर्समध्ये आत घेताना मी तुळशीची कुंडी पाडली. तुळस जगली, बंपरला पोचा आला. एवढं निमित्त ह्यांना पुरलं. दुकानात जाऊन पार्किंग सेन्सर बसवून आणले. मागच्या बंपरला काळ्या बटणांसारखे चार, आणि पुढे आरशापाशी एक इवलासा पडदा. मागे काही जवळ आलं की पीं पीं करणार. वर फतवा निघाला: सेन्सर चालू असतील तरच मी गाडी बाहेर काढायची.

बरं, काढली. सगळं छान चाललं होतं. मग आली खंडेनवमी.

हे जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर. तिथे आयुधपूजेला प्रत्येक यंत्राला गंध-अक्षता लावायच्या आणि मग ते यंत्र चालवणाऱ्याच्या कपाळाला गंध लावायचं, अशी पद्धत. निवृत्त झाले तरी तो उत्साह काही निवृत्त झाला नाही. त्या दिवशी ड्रिल मशीनला गंध, मिक्सरला गंध, फोनच्या चार्जरलासुद्धा गंध. गाडीला केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, कोहळा फोडला. वाटी घेऊन गाडीच्या मागे गेले ते बराच वेळ तिथेच. शेवटी स्टिअरिंगला लावलं आणि गाडी चालवणारा म्हणून स्वतःच्या कपाळाला. मी शेजारी ताट धरून उभी. मी पण चालवते हो, हे ह्यांच्या डोक्यातही आलं नाही! असा संताप आला, पण सणासुदीला कुठे तोंड उघडायचं, म्हणून गिळला.

दसरा झाल्यावर मी रिव्हर्स गिअर टाकला मात्र, पीं-पीं-पीं असा एकसारखा गळा काढला त्या यंत्राने. मागे काही नाही. मांजर नाही, कुंडी नाही. गाडी पार रस्त्याच्या मधोमध नेली तरी तेच. हे खूश झाले, अगदी लपवता येईना इतके. "फॉल्ट आहे. आता शोधेपर्यंत गाडी जाग्यावर. गुरुवारी मी सोडीन तुला."

आणि शोध सुरू झाला. मल्टिमीटर निघाला. डिकीतलं सामान अंगणात, त्यात माझी हरवलेली छत्री. हे एकेका सेन्सरची वायर काढून बघत. एक काढली, तरी पीं पीं. ती लावून दुसरी काढली, तरी पीं पीं. "म्हणजे कंट्रोल बॉक्स," असा निकाल लागला. दुकानातून फिटर आला. त्याने बंपरपाशी वाकून सेन्सरला बोट लावलं, ते भक्तिभावाने कपाळाला टेकवलं आणि डिकीत शिरला. बाहेर येऊन कानडी ढंगात म्हणाला, "स्वल्प वायरिंग प्रॉब्लेम, सर." वायरिंग बदललं. पीं पीं.

बुधवार उजाडला. अक्काचा फोन आला, "येतेस ना गं? एकटीच ये हं." मला रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात ह्यांची हाक. "अगं, जरा मागे बस आणि कान लाव. चांगल्या सेन्सरची बारीक टिकटिक ऐकू येते." ह्यांना स्वतःला कानाचं यंत्र, तेव्हा टिकटिक ऐकायची मीच. बसले उकिडवी. पहिल्या सेन्सरला कान दाबून धरला. रस्त्याने जाणारे बघत होते, बघू देत. टिकटिक काही येईना. गुडघे धरून उठले तर हे माझ्याकडे टक लावून बघतायत.

"तुझ्या कानाला अक्षत कुठली?"

हात लावला. तांदळाचा दाणा, आणि त्याच्याबरोबर वाळलेल्या गंधाची खपली. आम्ही दोघांनी एकदमच बंपरकडे पाहिलं. चारही सेन्सरांवर गंधाचे जाड थर, वर अक्षता! रोज समोर होतं की ते! पण गंध लावलेली वस्तू आपल्याकडे कुणाच्या डोळ्यांत खुपते? त्या फिटरने तर नमस्कारच केला.

"हं," हे म्हणाले. "सेन्सरच्या पृष्ठभागावर कोटिंग आलंय."

"कोटिंग म्हणे! तुम्ही थापलंत ते!"

ओलं फडकं आणलं, पुसलं, गिअर टाकला. शांत. काय ती शांतता! हे हळूहळू मागून जवळ आले तसं अगदी शहाण्यासारखं पीं पीं झालं. "पद्धतशीर शोधलं की फॉल्ट सापडतोच," हे मल्टिमीटर आवरता आवरता म्हणाले. मी हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तर हॉर्न वाजला.

गुरुवारी मी गेले. एकटी. अक्काला कानातल्या अक्षतेची गोष्ट सांगितली, तर ती हसताना गुडघे विसरून उठूनच उभी राहिली.

पुढच्या खंडेनवमीला हे पुन्हा वाटी घेऊन गाडीपाशी. मी ताट धरून पहाऱ्यावर. बंपरपाशी थबकले, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पुढे सरकले. चाकांना लावलं, स्टिअरिंगला लावलं. मग गंधाचं बोट स्वतःच्या कपाळापर्यंत नेलं आणि थांबले.

"इकडे ये."

"का? मीही बिघडायला हवी का?"

"ये म्हटलं ना."

आणि माझ्या टिकलीच्या वर ह्यांनी गंध लावलं. मग खिशातून किल्ली काढून माझ्या ताटात ठेवली, आणि पलीकडच्या सीटवर जाऊन पट्टा लावून बसले.