खाली ठेवलेली टाकी

ही गोष्ट सांगणं मी इतकी वर्षं टाळलं. जुन्या कामाचा विषय निघाला की मी उठून आत जायचो. आता पंचाहत्तरी जवळ आली. टाळायला फार दिवस उरले नाहीत.

वाळूजला हॉटेलांच्या चादरी धुऊन इस्त्री करणारा एक छोटा कारखाना होता. मी तिथं देखभाल पाहायचो. इस्त्रीच्या यंत्रांत वाफेचं पाणी व्हायचं आणि ते तसंच उकळतं गटारात जायचं. टँकरचं पाणी विकत घ्यायचं, तापवायचं आणि गटारात सोडायचं, याची मला चीड यायची. हे पाणी पाइपनं बॉयलरच्या टाकीत परत आणतो, असं मी मालकाला सांगितलं. ती चीड बरोबर होती. पुढचं सगळं चुकलं.

पाइप जोडला त्या दिवशी बॉयलर सांभाळणारे चाचा टाकीला हात लावून आले. वयानं माझ्याहून मोठे, मूळचे वैजापूरचे.

"साहेब, टाकी पंपाच्या वर उचला. जमिनीवरून लई गरम पाणी ओढलं की पंपातच त्याची वाफ होती. मग पंप नुसता फिरतो."

मला ते माहीत होतं. पण टाकी उचलायची म्हणजे लोखंडी चौथरा करायचा, दोन दिवस काम बंद. मी सोमवारचा शब्द देऊन बसलो होतो. म्हणून सगळ्यांसमोर विचारलं, "चाचा, पंपाचं शिक्षण तुमचं झालंय का माझं?"

इस्त्रीवरच्या बाया हसल्या.

"तुमचंच, साहेब," चाचा म्हणाले. "पण पाणी पंपाला ओढायचंय."

पंप अडायला लागला. बॉयलरमधलं पाणी उतरलं की बर्नर बंद करणारा एक स्विच होता. तो दिवसातून दहादा काम थांबवायचा आणि मालक ओरडायचा. मी त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून तो बाद केला. माझ्या हातानं.

शुक्रवारी दुपारी पंपानं पाणी ओढायचं सोडलं. चाचा त्यात अडकलेली वाफ काढत होते, तेवढ्यात पाण्याची पातळी दाखवणारी काच रिकामी झाली. त्यांनी धावत बर्नर बंद केला, तापलेल्या बॉयलरमध्ये कुणाला पाणी सोडू दिलं नाही, बायांना बाहेर काढलं. बॉयलर फुटला नाही तो त्यांच्यामुळं. आतल्या नळ्या मात्र गेल्या.

मालक म्हणाला, "बॉयलरवाला जागेवर नव्हता असं अहवालात लिही. शुक्रवार आहे. लोक लगेच मानतील."

मी लिहिलं, नमाजाला गेला होता. त्या मालकाचा मला आजही संताप येतो, पण पेन माझ्या हातात होतं. दर शुक्रवारी चाचा मला सांगून, जोडीदाराला काचेसमोर बसवून जायचे. त्या शुक्रवारी ते गेलेच नव्हते. या पंपाचा भरवसा नाय, आज जात नाय, असं सकाळी त्यांनी मलाच सांगितलं होतं.

चाचांना काढलं. पुढच्याच आठवड्यात मी टाकी उचलली. पंप चालला. मालकानं पेढे वाटले आणि मी खाल्ला. तो पेढा आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एकदा सगळं बोलायचं ठरवून वैजापूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला, गुडघ्यांचं सांगितलं. मी उठलो तेव्हा त्यांनीच विचारलं, "टाकी उचलली का मग?"

"उचलली."

"पंप?"

"चालतो."

त्यांनी मान हलवली. मी चपला घातल्या आणि निघालो. गेल्या वर्षी ते वारले.

चाचा, तुम्ही जागेवर होता. टाकी मी खाली ठेवली, स्विच मी बाद केला आणि तुमच्या नमाजाच्या नावावर खोटं मी लिहिलं. मला माफ करा.