लाईन आणि जवस

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन अमडापूरला आले आणि तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. इंग्रजी हा माझा पोटापाण्याचा विषय, आणि त्याच भाषेतल्या एका टीचभर शब्दाने माझी फजिती करावी, हे मला आजही झोंबतं. शब्द होता लाईन.

पहिल्याच हिवाळ्यात सासरे, म्हणजे आमचे मामाजी, चिखलीला एका लग्नाला गेले होते. गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि सकाळपासून वीज नव्हती. जेवणाच्या वेळी त्यांचा फोन आला, "लाईन आली काय वं?"

मला वाटलं, फोनचं विचारतायत. मी म्हणाले, "हो, एकदम छान आली."

मामाजी भरल्या पंगतीतून उठले. ताटातली जिलेबी तशीच सोडून मोटरसायकलने थेट विहिरीवर आले आणि पंपाचं बटण दाबत बसले. वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. वऱ्हाडात लाईन म्हणजे वीज, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मामाजी माझ्याशी सरळ बोलेनासे झाले. भांडण नाही, आदळआपट नाही, फक्त माझ्यासाठीचं प्रत्येक वाक्य सासूबाईंमार्फत यायचं. मी समोर उभी राहून भाजी वाढत असले तरी ते त्यांना म्हणायचे, "तिले सांग, पुरे." असं वर्ष गेलं. मी बडबड्या वडिलांची मुलगी. या माणसाने माझ्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून मी अक्षरशः झुरत होते.

पण हट्टीही होते. ज्या शब्दाने घात केला त्याच्या मागेच लागले. तो कुठे नव्हता? रेशनच्या दुकानात लाईन लावायची, नांदुऱ्याला गेलं की लाईन म्हणजे रेल्वेचे रूळ, कॉलेजातली पोरं मारतात ती लाईन वेगळीच, आणि बिघडलेला माणूस सुधारला की तो लाईनवर आला. शेवटी शाळेतला जाडजूड शब्दकोश घरी आणला. त्यात भलतंच निघालं. लाईन म्हणजे आधी नुसता दोरा, आणि तो दोरा जवसाच्या झाडाच्या तंतूंचा. जुन्या लॅटिन भाषेत जवसाला जे नाव होतं, त्यावरून हा शब्द आला. गवंडी दोरी ताणून भिंत सरळ करतो ना, तशी ती दोरी ताणता ताणता रेघ झाली, रेघेची रांग झाली आणि रांगेची तार.

हे मी जेवताना सासूबाईंना सांगितलं. मामाजी शेजारीच भाकरीबरोबर जवसाची चटणी खात होते. त्यांचा घास थांबला.

"तिले विचार," ते सासूबाईंना म्हणाले, "हेच जवस काय?"

"हेच म्हणावं," मी सासूबाईंना सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "मी काय तुमची लाईन आहो काय?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या शेतातले काका चहाला आले. बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "काय हो मास्तरीणबाई, इंग्रजाइनं लाईन हा शब्द आपल्या अमडापूरच्या जवसावरून नेला म्हणतेत, खरं हाय काय?"

ही भर कोणाची, ते विचारायची गरज नव्हती. मामाजी बाजेवर बसून मन लावून सुपारी कातरत होते. मी लाल पेनवाली बाई. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. लॅटिन जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मामाजींची मान जरा जास्तच खाली गेलेली दिसली आणि मला त्यांची दया आली.

"हाव काका," मी म्हणाले, "आपलंच असन."

अडकित्ता थांबला. मामाजींनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

"असन काऊन म्हणतं वं? येवढी शिकेल बाई तू. नीट सांग ना त्यायले."

निरोप आपल्यासाठी असेल असं समजून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आणि दारातच थांबल्या. इतकी गोड बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. मग मी पदर खोचला, काकांसमोर बसले, आणि इंग्रजांनी अमडापूरच्या बाजारातून जवसाची पोती बैलगाडीत कशी भरून नेली, ते अगदी तपशीलवार सांगितलं.