तराफ्याचा आडोसा

पूर समितीत एक तरी बाई हवी असं वरून सांगणं आलं, म्हणून मोजाम्मेल मेंबरनं गोलापजानला घेतलं. ती विधवा होती, तोंडाळही होती, पण बोलावलं की यायची. ब्रह्मपुत्रेतल्या त्या बेटावर पूर दरसालचाच. जवान पुरुष ढाक्याला रिक्षा ओढायला गेलेले, त्यामुळे पाणी चढलं की घरं हलवायची बायकांनी. बैठकीत बोलायचे मात्र मागे उरलेले पुरुष.

गोलापजान त्या बैठकीत एकदाच बोलली. "शाळेच्या माडीवर सगळं गाव चढतं. तिथं बायकांना वेगळा संडास पायजे."

माणसं खाली बघून हसली. मेंबर म्हणाला, "चाची, जीव वाचवायचा की हगायची सोय बघायची? येऊ दे पूर, मग बघू."

समितीनं भोंगा घेतला.

आषाढ सरताना पाणी आलं तेव्हा तो भोंगा वेळेवर वाजला आणि सगळे माडीवर पोचले. त्यात खोट काढायला जागा नव्हती. माडीवर संडास दोनच, आणि दोन्हींच्या दाराशी विड्या ओढत बसलेले पुरुष. बायका अंधार पडायची वाट बघू लागल्या. तोवर कळ काढायची तर पाणीच न पिणं बरं. गोलापजानची सून रुमाली सातव्या महिन्यात होती.

"पी गं दोन घोट."

"नको अम्मा. मग जावं लागतं. दारात मेंबरचाचा बसलेले असतात. काय सांगू त्यांना, उठा म्हणून?"

गोलापजाननं चार बायका घेतल्या, वाहत आलेले केळीचे खांब ओढले, त्यांचा तराफा बांधला आणि जिन्याच्या कठड्याला अडकवला. चारी बाजूंनी साड्या लावून आडोसा केला. बायकांची रांग लागली. शेजारची जोरिना ओरडली, "आत कोण बेगमसाहेब बसल्यात? आटपा, नाहीतर दोर सुटून समुद्राला लागाल." पूर आल्यापासून पहिल्यांदाच बायका हसल्या. रुमाली तांब्याभर पाणी प्याली.

दुसऱ्या सकाळी तराफा जागेवर नव्हता. साड्यांच्या मात्र नीट घड्या घालून कुणी पायरीवर ठेवल्या होत्या. मेंबरचा बैल पलीकडच्या उंचवट्यावर अडकला होता, त्याला आणायला तराफा नेला होता. बैल आला, आणि नंतर तराफा त्याची वैरण वाहायला मेंबरकडेच राहिला.

"मेंबर, आमचा तराफा द्या."

"मुकं जनावर बुडत होतं, चाची."

"आणि आम्ही?"

"तुम्ही कुठं बुडताय? माडीवर तर आहात."

नवा तराफा बांधायला केळी उरली नव्हती. रुमालीनं पुन्हा पाणी पिणं सोडलं. मग लघवीला आग, मग थंडी वाजून ताप. सरकारी होडी आली तोवर कळा सुरू झाल्या होत्या. त्याच साड्या व्हरांड्यात धरून बायकांनी तिला मोकळं केलं. मूल रडलं नाही. मुलगी होती.

पाणी ओसरल्यावर समितीची बैठक झाली. मेंबर म्हणाला, आपल्या बेटावर एकही माणूस दगावलं नाही, हे अल्लाचे उपकार आणि समितीची मेहनत.

"एक गेलं," गोलापजान म्हणाली.

मेंबरचा आवाज खरोखर मऊ झाला. "चाची, जे जन्मलंच नाही, ते कसं मोजायचं?"

गोलापजान उठून घरी आली. घरी तिचा मुलगा मोफिज ढाक्याहून आलेला होता. बायकोजवळ बसून, रडवेला होऊन तो विचारत होता, "पण पाणी प्यायला काय झालं होतं तुला? शाळेत नळ नव्हता का?"

रुमाली भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गोलापजाननं त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "अम्मा, हे कुणाजवळ बोलू नकोस. लोक काय म्हणतील?"

पुढच्या बैठकीला गोलापजान गेली नाही. समितीनं तिच्या जागी मेंबरची मेहुणी घेतली. ती काही बोलत नाही.