सवा दोच्या बांगड्या

कार्डावरचा रक्तदाब कोणी खरोखर मोजला होता का, या एका प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी हवे होते; आज हिरव्या काचेच्या बांगड्यांचा डबा हाती लागला आणि ती दुपार आठवली. मध्य प्रदेशात धारच्या आमच्या घरी भावजयीचे डोहाळजेवण होते. बांगडीवालीने बांगडीच्या मापासाठी तिचा हात दाबून पाहिला आणि म्हणाली, “दीदी, शादी में सवा दो पहनाई थी, अब ढाई भी अटक रही है.” “सातव्या महिन्यात सूज यायचीच,” आई म्हणाली, आणि भावजयीने निर्धास्तपणे तपासणीचे कार्ड माझ्यापुढे धरले. पाच तपासण्या, आणि पाचही वेळा एकशेवीस-ऐंशी. मी शिक्षिका; शाळेत पाच वह्यांत उत्तर तंतोतंत सारखे आले, की मी उत्तर सोडून रीत विचारते. “दंडाला पट्टा बांधला होता का?” “नाही वन्सं. नर्सनं ‘सब ठीक?’ असं विचारलं, मी हो म्हटलं.” ओटी तशीच ठेवून मी तिला रिक्षात बसवले. “बाईंना सगळ्या जगाचाच संशय,” आई मागून म्हणाली. रुग्णालयात रक्तदाब दोनदा मोजला. दोन्ही वेळा एकशेसत्तरच्या वर. सूज आणि एवढा दाब म्हणजे आईबाळाच्या जिवाला धोका, म्हणून तिला तिथेच दाखल करून घेतले. पुढे आठव्या महिन्यातच बाळ काढावे लागले, कित्येक दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. मात्र मायलेकी वाचल्या. भाची आता शाळेत जाते. आजही एकसारखे आकडे दिसले की माझी नजर अडखळते. तुमच्या घरी कोणी गरोदर असेल, तर कार्ड वाचून थांबू नका. पट्टा बांधताना समोर उभे राहून आकडा स्वतः पाहा.