व्याह्यांची तीन टीबी

समोरच्याला पार थकवून स्वतः ताजंतवानं राहणं ही जर विद्या असेल, तर आमच्या व्याह्यांना तिची पदवी द्यायला अख्ख्या कर्जत-खालापुरात कुणाची हरकत नसावी. माझी तर नाहीच. माझी लेक त्यांच्या घरात दिली आहे, त्यामुळे पळसदरीहून फोन आला की मोहोपाड्यात बसलेल्या मला नाही म्हणायची सोय नसते. कारखान्यातल्या नोकरीची शेवटची वर्षं मी संगणक विभागात काढली, हे लग्नाच्या बैठकीत कुणीतरी कौतुकानं बोलून गेलं. मी तिथल्या तिथे नाकारायला हवं होतं.

व्याही सरकारी भूमापक होते. जन्मभर साखळी घेऊन लोकांच्या बांधांवरून फिरले, म्हणून जगातल्या कुठल्याही गोष्टीचं त्यांना आधी क्षेत्रफळ दिसतं. मुलगी पाहायला आले तेव्हा आमची बैठकीची खोली त्यांनी पावलांनी मोजली, "कागदावर लिवलीय त्यापेक्षा हातभर कमी हाय," असं सांगून बिल्डरचं पाप माझ्या पदरात टाकलं आणि मगच चहाला हात लावला. कुठलीही वस्तू टाकायची नाही, हा दुसरा नेम. त्यांचा संगणक इतका जुना की बटण दाबून ते आंघोळीला जातात; परत येऊन गंध लावून बसले तरी तो उठतोच आहे. बदला म्हटलं की म्हणतात, "बैल म्हातारा झाला म्हनून कुनी विकतं का?" लोक विकतात, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

या संगणकात ते फक्त धवळे ठेवतात. आमच्या भागात आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते, ती ही गाणी. निवृत्तीनंतर व्याही गावोगाव फिरून म्हाताऱ्या धवलारणींची गाणी ध्वनिमुद्रित करू लागले. मधेच कोंबडा आरवला म्हणून एकीला त्यांनी एकच गाणं सात वेळा गायला लावलं. सातव्या वेळी ती कोंबड्याला शिव्या देत गायली, आणि त्यांनी तेही जपून ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात त्या संगणकाची हार्ड डिस्क कटकट वाजू लागली. गाणी जातील या धास्तीनं व्याह्यांनी कुणालाही न विचारता तीन टीबीची नवी डिस्क आणली, जोडली आणि मला फोन केला. "व्याहीबुवा, घेतली तीन एकर आन सातबाऱ्यावर लागलीय पाऊनच!"

मी गेलो. खरंच, तीन टीबीच्या जागी पाऊणच दिसत होती. केबल बदलली, सेटिंग बदललं, पुन्हा गेलो, तिसऱ्यांदा गेलो. पाऊण ती पाऊणच. शेवटी तो सगळा डबा मांडीवर घेऊन व्याही माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही कर्जतच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं खोलूनही पाहिलं नाही. "काका, भंगारात द्या," म्हणाला. परतीच्या वाटेवर व्याही एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, ते गप्प बसले तर बरं वाटेल. नाही वाटलं.

ओटीवर टेकल्यावर मी त्यांना समजावलं, की डिस्कवर छोटे छोटे तुकडे असतात. हा जुना संगणक ते एका ठरावीक आकड्यापर्यंतच मोजतो. आकडा संपला की पुन्हा एकपासून सुरू करतो, म्हणून शेवटचं उरलंसुरलं तेवढंच दिसतं.

"मग गुंठ्यात कशाला मोजतो?" ते म्हणाले. "एकरात मोज म्हना त्याला."

"तसं नसतं हो," मी म्हणालो आणि कंबर धरून उठलो. घरी येऊन पाठ टेकली तेव्हा लक्षात आलं, तसंच असतं. डिस्क बाहेरून जोडायची एक डबी मिळते. त्यांतल्या काही डब्या संगणकाला तुकड्यांचा हिशेब मोठ्या मापात सांगतात. आकडा लहान झाला की जुन्या यंत्रालाही तो पुरतो. शोधून तशी डबी आणली, जोडली. पडद्यावर दोन पूर्णांक बहात्तर आलं.

"बाकीची रस्त्यात गेली असंल," व्याही गंभीरपणे म्हणाले. कंपनीचं माप वेगळं आणि संगणकाचं वेगळं, हे समजावायचं त्राण माझ्यात नव्हतं. "हो, रस्त्यातच गेली," मी म्हणालो.

गाणी उतरायला सकाळपासून दुपार झाली. जुनी डिस्क कण्हत होती आणि व्याही तिच्यावर हात ठेवून बसले होते, जसं काही आजाऱ्याच्या उशाशी. अखेर सगळं उतरलं. पडद्यावरच्या एवढ्या मोठ्या पट्टीत टोकाला बोटभर निळं भरलं, बाकी सगळं पांढरं.

"एवढीच?" त्यांनी विचारलं.

"एवढीच. अजून दहा आयुष्यं पुरेल इतकी जागा आहे."

त्यांनी कोनाड्यातून वही काढली. तिच्यात गावांची आणि गाणाऱ्या बायकांची नावं होती. एकेका नावावर बोट ठेवत ते खाली गेले, कुठे थांबत, कुठे मान हलवत. वही मिटली.

"जागा झाली वो," ते म्हणाले. "गानाऱ्या दोघीच उरल्यात. तिसऱ्यांदा तुमी आलात ना, त्याच आठवड्यात एक गेली. डिस्कच्या नादात आमी तिच्याकडं गेलोच नाय."

आतून लेकीनं जेवायची हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही.

"त्या दोघींतली कोंडाण्याची म्हातारी सकाळच्या वक्ताला बरी असते म्हनं," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता.

तीन दिवस माझी कंबर धरलेली होती. "किती वाजता निघायचं?" मी विचारलं.